पेंढ्याची वासरं

७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. नव्या नोकरीत तू नक्की करतोस तरी काय, असं विचारलं आहेस. थोडक्यात सांगतो. या शहराच्या पोटात जे जे जातं ते आधी माझ्या नाकाखालून जातं. सकाळी कत्तलखाना, मग मंडई, आणि ऊन कललं की गवळ्यांचे गोठे. कत्तलखान्यात टांगलेलं प्रत्येक जनावर उलटंसुलटं बघायचं, काळीज नि फुप्फुसं चिरून आत गाठी नाहीत ना ते पाहायचं. चांगलं असेल तर मांडीवर जांभळ्या शाईचा शिक्का मारायचा, नसेल तर फिनेल ओतून खड्ड्यात टाकायचं. ती शाई बोटांवरून निघता निघत नाही. खाटीक मला तोंडावर साहेब म्हणतात आणि पाठ वळली की शिक्केवाला म्हणतात.

मंडईत जरा करमणूक होते. परवा एका मासेवालीने शिळ्या मासळीचे कल्ले लाल रंगाने रंगवले होते. मी पाटी जप्त केली, तर म्हणाली की तुमच्या बायकोने ओठ रंगवले तर तिलाही खड्ड्यात टाकाल का. मी म्हटलं, मला बायको नाही. त्यावर सगळ्या ओट्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली की ते अंगाच्या वासावरूनच कळतंय.

तुझी लेक बरी आहे. सातवा लागला तरी चिमी शेणाच्या पाट्या उचलते, सांगितलेलं ऐकत नाही. कुणावर गेली आहे ते तुला ठाऊक आहे. तू तिला लग्नात दिलेली तांबू अजून त्यांच्या गोठ्यात सगळ्यांपेक्षा जास्त दूध देते. जावई तपासणीच्या वेळी मला साहेब म्हणतात आणि चहाच्या वेळी मामा.

आता मुख्य बातमी. या शहरात तान्ही मुलं जुलाबाने पटापट जातात. आपल्यासारख्यांच्या वस्तीतली जात होती तोवर कुणाला त्याचं काही नव्हतं. यंदा साहेब लोकांच्या बंगल्यांतलीही गेली, तेव्हा कमिटी बसली. आमच्या खात्याच्या मोठ्या साहेबांनी मला बोलावून विचारलं की दुधात घाण येते कुठून, आणि गटारं न बांधता, खर्चात न पडता लगेच काय बंद करता येईल. मी म्हटलं, पेंढ्याची वासरं.

तुला हे माहीत नसेल. आपल्याकडे वासरू गाईपाशीच असायचं. इथे वासराला दूध पाजणं गवळ्याला परवडत नाही. थोड्या दिवसांत ते खाटकाकडे जातं. त्याचं कातडं गवळी परत आणतो, आत पेंढा भरून शिवतो, वरून मीठ चोळतो आणि धार काढताना गाईपुढे उभं करतो. गाय ते चाटते आणि पान्हा सोडते. ते नसलं तर दूध चोरते. उन्हाळ्यात त्या कातड्याला अळ्या पडतात, आणि ज्या हाताने ते सरकवायचं त्याच हाताने धार काढायची. हे ऐकून साहेबांनी टेबलावर थाप मारली. गवळ्याचा मुलगा असून खरं बोललास, म्हणाले. ताई, माझी छाती फुगली. तू दारोदार दूध घालून मला शिकवलंस, त्याचं चीज झालं असं वाटलं.

बाकी ठीक. आहे तो लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझा
ठोंब्या


१९ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद.

छाती फुगल्याचं वाचलं. पोटात काही जातं का, ते मात्र लिहिलं नाहीस. त्या मासेवालीची चौकशी कर. तुझ्याशी इतकं खरं बोलणारी बाई पुन्हा मिळायची नाही, आणि तुझं वय काही थांबून राहिलेलं नाही.

त्या वासरांचं वाचून मला जेवण गेलं नाही. मेलेल्या लेकराचं कातडं आईपुढे उभं करायचं आणि तिच्याकडून दूध काढायचं, हे तुमच्या शहरालाच सुचावं. जाळा म्हणशील तर माझी ना नाही. पण एक सांग. वासरूही नाही आणि कातडंही नाही, मग ती गाय दूध सोडणार कुणासाठी? तुमच्या साहेबाचं तोंड बघून तर सोडायची नाही. साहेबाला अर्धंच सांगून आलास ना? शाळेतही तू पहिल्या प्रश्नाचं उत्तर देऊन खाली बसायचास.

आणि हुकूम निघाला तर चिमीच्या गोठ्यालाही लागू होणार का? होणारच. मी तुला ओळखून आहे. खेळातसुद्धा तू आपणहून स्वतःवर राज्य घ्यायचास, म्हणजे कुणी चिडका म्हणायला नको. पण तेव्हा पळावं लागायचं ते तुला एकट्याला.

बाळंतपणाला चिमीला माझ्याकडे पाठवा म्हणून जावयांना विचारून बघ. विचारायची लाज वाटू देऊ नकोस.

माया आहेच, ती काय लिहायची.

तुझी
ताई


२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मध्ये पत्र लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं असं नाही, पण हात होत नव्हता.

हुकूम निघाला. सगळ्या गोठ्यांतली पेंढ्याची वासरं जाळायला कत्तलखान्यामागच्या मैदानात आणायची असं ठरलं. मला वाटलं होतं पुरुष आणतील. बायका घेऊन आल्या. पोर कडेवर घ्यावं तशी घेऊन आल्या, कारण ती दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने उचलता येत नाहीत. चिमीही आली, एवढं पोट घेऊन. मी तिला म्हटलं की जावयांना पाठवायचं होतंस. ती म्हणाली, ते येणार नाहीत म्हणाले. रॉकेल ओतून पेटवलं तेव्हा पेंढा झटकन गेला आणि कातडी दुपारपर्यंत धुमसत राहिली. मोठे साहेब नाकाला रुमाल लावून उभे होते. मला म्हणाले, शाबास.

तू विचारलं होतंस ते बरोबर विचारलं होतंस. मी साहेबांना सांगितलं होतं की चांगलं पेंडीचं आंबोण पुढे ठेवलं तर गायींना सवय होईल. कुणाला झाली, पुष्कळांना नाही. त्या हंबरतात, पाय झाडतात, आणि दूध वर ओढून धरतात. रोज दूध आतल्या आत राहिलं की गाय आटतेच. इथे चरायला रान नाही, चारा विकत. भाकड गाय पोसणं कुणाला जमणार? ती विकायची, आणि घेणारं गिऱ्हाईक एकच.

म्हणजे आता माझा दिवस असा. दुपारी ज्या गोठ्यात जाऊन मी स्वच्छता चांगली आहे म्हणून सांगतो, त्याच गोठ्यातल्या गायी सकाळी माझ्या दारात उभ्या असतात. मी चिरून बघतो. एक गाठ नाही, एक डाग नाही. निरोगी जनावर नाकारता येत नाही, नियमच तसा आहे. शिक्का मारावा लागतो.

तांबूही आली, ताई. जावई स्वतः दावं धरून आले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मीही हाक मारली नाही. तिने मला ओळखलं असावं, कारण माझी बाही चाटली. हे तुला सांगू नये असं वाटत होतं, पण तुझ्यापासून काय लपवणार?

साहेबांचा अहवाल तयार झाला आहे. दूषित दूध निम्म्यावर आलं, असं त्यात आहे. ते खरंच आहे, दूधच निम्म्यावर आलं आहे.

राग येईल. येऊ दे, पण लोभ सोडू नकोस.

ठोंब्या


१३ एप्रिल

चि. ठोंब्यास,
आशीर्वाद.

तांबूच्या आईच्या दुधावर तू वाढलास. यापेक्षा जास्त मी लिहीत नाही.

झालं ते झालं. आता मला फक्त माझ्या लेकीची काळजी आहे. गोठा रिकामा झाल्यावर ती दोघं खाणार काय? मी यायला निघाले होते, तर अंगणात पाय घसरला आणि मोडला. वैद्याने फळ्या बांधून दोन महिने खाटेवर पाडलं आहे. शेजारीण दोन वेळचं करून देते आणि वर चार गोष्टी ऐकवते. चिमीपाशी तू आहेस, एवढाच धीर आहे. तिला एकटं पाडू नकोस.

तुझी
ताई


२० मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात नातवाची बातमी कळवलीच होती. आता त्याचं वर्णन ऐक. डोकं गोल, गाल लोंबतात, आणि भूक लागली की अख्खी चाळ जागी करतो. आम्ही त्याला बोका म्हणतो. माझ्या मिशीला धरून ओढलं त्याने. खात्यात एवढी हिंमत अजून कुणी केलेली नाही.

जावयांना कत्तलखान्यात कातडी वाहायचं काम लावून दिलं. करतात. पण घरी आले की चिमी त्यांना उंबरा ओलांडू देत नसे, आधी अंघोळ करायला लावायची. पोट भरायचं, पण जेमतेम. चिमीच्या तोंडावरचं तेज गेलं होतं. म्हणून एक काम केलं, ते तुला सांगतो. शांतपणे वाच.

मोठ्या साहेबांना मुलगी झाली. त्यांच्या बाईसाहेब तापाने अंथरुणावर, अंगावर दूध नाही. डब्यातल्या दुधावर साहेबांचा विश्वास नाही, आणि शहरातल्या दुधावर तर मुळीच नाही. त्यांनी मला विचारलं की तू शहराचं दूध तपासतोस, मग एखादी निरोगी, स्वच्छ, तरुण बाई बघून दे. मी चिमीचं नाव दिलं. तिला चांगलं खायला मिळेल, पगार आहे, राहायला मोकळी खोली आहे. डॉक्टरांनी तिला तपासलं. मी दाराबाहेर उभा होतो. मग कागद माझ्यापुढे आला, कारण शहरात दूध देणारं जे काही आहे त्याच्यावर आमच्या खात्याचा शिक्का लागतो. मी मारला.

एक अट जड आहे. स्वतःचं मूल तिने बरोबर आणायचं नाही. एक तर दूध वाटलं जातं, आणि वर साहेबांना वस्तीतल्या रोगाचं भय. बोका आता चिमीच्या सासूपाशी आहे. म्हातारी जीव लावते. मी दर रविवारी आधी बोक्याला बघतो आणि मग बंगल्यावर जाऊन चिमीला त्याचं सगळं सांगतो. थोड्याच महिन्यांचा प्रश्न आहे.

चिमी जाताना रडली नाही. जावई म्हणाले, मामांना जे बरं वाटेल ते.

लोभ असू दे, मला त्याची या वेळी गरज आहे.

ठोंब्या


२९ मे

ठोंब्या,

आशीर्वाद मागाहून. आधी हे वाच.

माझ्या नातवाच्या तोंडचं काढून साहेबाच्या मुलीला दिलंस आणि मला सांगतोस, शांतपणे वाच. साहेबाच्या मुलीवर माझा राग नाही. तिला काय कळतं? पण तुला कळत होतं. तुला नेहमी कळतं, आणि तरी तू कुणी शाबास म्हणायची वाट बघत बसतोस.

माझ्या दारात दोन गायी आहेत, वासरांसकट. शेजारणीची सून ओली बाळंतीण आहे, तिने आपण होऊन पाजीन म्हटलं आहे. मुलाला ताबडतोब माझ्याकडे आणून सोड. जावयांच्या भरवशावर नको, त्यांना रजा मिळायची नाही. तू आण. गाडीचा एका दिवसाचा प्रवास आहे, मूल काही मेणाचं नाही.

आज पत्र मिळालं की उद्या नीघ.

ताई


८ जून
बंगल्यावरून

ती. मामांस,
शि. सा. नमस्कार.

माळ्याच्या बायकोबरोबर चिठ्ठी पाठवते आहे. मी बरी आहे. खायला भरपूर आहे, दोन वेळा साबणाने अंघोळ घालतात आणि मुलीला पाजण्याआधी नि नंतर काट्यावर तोलतात. कमी भरली की आया माझ्याकडे असं बघते, जसं मी दूध चोरून बाजारात विकते. मुलगी अगदी चिपाडासारखी होती, आता जरा मांडीला मांस दिसायला लागलं आहे.

सकाळी मला दूध उतरत नाही. छाती दगडासारखी होते, पण उतरत नाही. डोळे मिटून बोक्याचं रडणं आठवलं की मग येतं. आता ते रडणंही नीट आठवत नाही. म्हणून तुम्हाला तिसऱ्यांदा सांगते, त्याचं झबलं आणा. मी शिवलेलं निळ्या काठाचं, एकच तर आहे त्याला. न धुता आणा. तेवढ्या वेळापुरतं सासूबाई त्याला फडक्यात गुंडाळतील, मग दुसऱ्या दिवशी परत पाठवते. तुम्ही दर खेपेला विसरता आणि कपाळावर हात मारून घेता.

आईच्या पत्रात तुमच्या नावाने बरंच काही असतं. मनावर घेऊ नका. तुम्ही त्याला तिच्याकडे पोचवणार आहात असं तिने लिहिलंय. लवकर पोचवा.

तुमची
चिमी


१९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कसं लिहू ते कळत नाही. बोका गेला.

गेल्या बुधवारी जुलाब लागले, शनिवारी सकाळी संपलं. मी शेवटी तिथे होतो. शहरातल्या गायी कमी झाल्यापासून दूध लांबच्या गावांहून डब्यांतून येतं, उन्हातून. म्हातारी तेच पाजत होती. नाक्यावर ते डबे मीच तपासतो. काचेची नळी घालून बघतो की पाणी घातलंय का. पाणी नव्हतं, ताई. चांगलं घट्ट दूध होतं.

तुझं पत्र आलं तेव्हा मी रजा मागितली होती. साहेब म्हणाले, कमिटीचे पाहुणे आपलं काम बघायला येणार आहेत, ते झालं की जा. मी बरं म्हटलं. भांडलो असतो तर मिळाली असती. नोकरी गेली असती तरी काय बिघडलं असतं? आता हे सगळं सुचतं.

पुढचं त्याहून वाईट आहे. साहेबांना सांगितलं तेव्हा ते खरंच खाली बसले. माणूस वाईट नाही. पण मग म्हणाले की चिमीला सांगू नकोस. धक्क्याने तिचं दूध जाईल आणि त्यांची मुलगी वाचणार नाही, दुसरी बाई मिळेपर्यंत तरी सांगू नकोस. जावयांनाही ताकीद दिली आहे. मी हो म्हटलं. रविवारी तिच्यासमोर बसून सांगितलं की बोका बरा आहे, हसायला लागला आहे. आणि तिने मागितलेलं झबलं नेऊन दिलं. तिने ते तोंडाला लावलं. मी बघत उभा होतो. ताई, तो मैदानातला जाळ मी कशासाठी केला, हे मला आता कुणी विचारलं तर मी काय सांगू?

तू दर आठवड्याला तिला लिहितेस. तेवढं एक वाक्य लिही, की बोका तुझ्याकडे सुखरूप आहे. मी आणून सोडला असं लिही. माझ्या बोलण्यावर तिचा विश्वास बसेल न बसेल, तुझ्यावर बसेल. दुसरी बाई मिळाली की मी स्वतः तिला सांगेन.

लोभाचं कुठल्या तोंडाने लिहू?

ठोंब्या


२६ जून

ठोंब्या,

मी खोटं लिहिणार नाही. खरं लिहायला बसले तर माझा हात चालत नाही. म्हणून मी लिहीतच नाही. सांगायचं ते तू सांग.

तुला शिव्या द्याव्यात एवढंही बळ नाही. जेवत जा.

ताई


११ जुलै
बंगल्यावरून

ती. मामांस,
शि. सा. नमस्कार.

रविवारी मी नेहमीसारखं विचारलं आणि तुम्ही नेहमीसारखं सांगितलंत. बोका बरा आहे, बाळसं धरतोय. मी मान हलवली. आया समोर होती म्हणून बोलले नाही. आता लिहिते.

मला कळलं आहे. कुणी सांगितलं नाही, उगाच कुणावर रागावू नका. आईचं पत्र दर आठवड्याला यायचं. पाय मोडला त्या आठवड्यातसुद्धा आलं, शाई सांडलेलं. ते यायचं थांबलं. आणि तुम्ही, तीनतीनदा सांगून विसरणारे, झबलं घडी घालून घेऊन आलात आणि परत कधी पाठवशील ते विचारलं नाहीत.

दूध आटेल असं साहेबांना वाटलं ना? मलाही वाटलं होतं. आटावं असंच वाटत होतं. नाही आटलं. मुलगी तोंड लावते आणि येतं, पूर्वीपेक्षा जास्त येतं. मामा, मला माझ्याच अंगाची किळस येते. तिच्यावर राग काढावा म्हटलं तर ती माझं बोट मुठीत धरून झोपते.

गाय फसते असं तुम्हा लोकांना वाटतं. तांबूची धार मीच काढायचे. ती आधी त्या वासराच्या पोटाला नाक लावायची, मग वळून माझ्याकडे बघायची, आणि मग चाटायला लागायची.

इतक्यात मी इथून निघणार नाही. मुलगी अजून अशक्त आहे, आणि घरी जाऊन कुणाला मांडीवर घेऊ? साहेबांना काही सांगू नका. आईला लिहा की तिने पत्र पाठवावं. शिव्या दे म्हणावं, पण पाठव. आणि तुम्ही रविवारी येत चला. फक्त बोका बरा आहे असं आता म्हणू नका.

लोभ आहे. तुम्ही माझे मामा आहात, तो कुठे जाणार?

तुमची
चिमी

ता. क. एवढं एक कळवा. झबलं त्याला एकच होतं आणि ते माझ्या उशाशी आहे. मग त्याला काय घालून नेलंत?